खापरपणजीची सावकारी कशी शोधावी

बऱ्याच घरांत एखाद्या खापरपणजीबद्दल एवढंच सांगितलं जातं, की बाई फार खमकी होती, सगळा कारभार तिच्या हातात होता. कारभार म्हणजे नेमका कशाचा, हे कुणी सांगत नाही. ती व्याजाने पैसे द्यायची? नवऱ्यामागे दुकान चालवायची? खानावळ घालायची? वंशावळ उघडली तर तिथे ती कुणाची तरी बायको आणि कुणाची तरी आई. कुलवृत्तांतात फार तर तिचं माहेरचं आडनाव आणि मुलांची यादी मिळते. मग आपण समजून बसतो, की बाईमाणसाची नोंद कोण ठेवणार! हा समज सोडून द्यावा. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात ज्या बाईने पैसा फिरवला, तिच्या मागे बहुधा कागद राहिला आहे. तो वंशावळीजवळ नसतो, इतकंच. तो तिच्या कर्जदाराच्या माळ्यावर असतो, कोर्टाच्या निकालात असतो, दुय्यम निबंधकाच्या सूचीत असतो. म्हणून माझा आग्रह असा, की बाईच्या मागावर निघू नका, तिच्या पैशाच्या मागावर निघा.

सुरुवात मात्र घरातूनच होते, आणि तीही घरातल्या सर्वांत वयस्क बाईपासून. पुरुषांना विचारलं, की वंशावळ ऐकायला मिळते. बायकांना विचारलं, की किल्ल्या कुणाच्या कमरेला होत्या ते कळतं. ‘ती काय करायची?’ असा प्रश्न विचारलात तर ‘घरकाम’ असंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा, वसुलीला कोण जायचं? ओसरीवर कोण कोण येऊन बसायचं? दिवाळीत वह्यांची पूजा कोण करायचं? तिच्या हाताखाली कारकून होता का, आणि तो कुणाच्या नात्यातला? आणि हेही विचारा, की कोणत्या घराशी आपलं जाणं-येणं बंद होतं, आणि का. भांडण झालं, की दावा होतो, आणि दावा झाला, की कागद होतो. दोन चुलत घराण्यांत तीन पिढ्या अबोला असेल, तर त्यामागे वाटणी, दत्तक नाहीतर थकलेलं कर्ज असण्याची शक्यता मोठी.

याच बैठकीत तिची सगळी नावं लिहून घ्या. लग्नात मुलीचं नाव बदलण्याची रीत असलेल्या घरांत एका बाईची किमान दोन नावं असतात, माहेरचं आणि सासरचं. शिवाय घरात हाक मारायचं नाव वेगळं, ‘काकी’, ‘माई’, ‘वहिनी’ असं काही. ज्या समाजांत पाट लावण्याची चाल होती, तिथे दुसऱ्या लग्नानंतर नवऱ्याचं नाव आणि कधीकधी गावही बदलतं. १८५६च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपत असे. त्यामुळे एखादी बाई एका गावच्या कागदांतून अचानक दिसेनाशी झाली, तर ती वारलीच असं धरून चालू नका.

घरातली भांडीही तपासा. पितळेच्या घागरीवर, परातीवर, तांब्यावर नावं कोरलेली असतात. स्वतःच्या घरातल्या नावांची नोंद करा, पण परक्या नावांची आधी करा. आपल्या घरात चार वेगवेगळ्या आडनावांची भांडी असतील, तर ती आंदणातून, लिलावातून आलेली असू शकतात, तशीच न सुटलेल्या गहाणातूनही आलेली असू शकतात. तिजोरी, तराजू, वजनं, आणि रुमालात बांधलेल्या लांबट वह्या मिळाल्या, तर तुमचं नशीब उत्तम. रोजकीर्द म्हणजे दिवसाच्या जमाखर्चाची वही, आणि खतावणी म्हणजे प्रत्येक माणसाचं वेगळं खातं. खतावणीत बाईच्या नावाने किंवा ‘मातोश्री’ म्हणून खातं आहे का, ते बघा. तिची रक्कम पेढीत व्याजी ठेवलेली असेल, तर व्याज जमा होत गेलेलं दिसेल. रोजकिर्दीत ‘गुजारत’ अमुक असा उल्लेख येतो. त्याचा अर्थ रक्कम कुणाच्या हस्ते आली किंवा गेली. पडद्यामागून व्यवहार करणाऱ्या विधवेचा उजवा हात कोण होता, ते या एका शब्दावरून सापडतं.

आता खुद्द कर्जरोखा. तो बहुतेक मोडीत असतो. मोडी शिकण्याला घाबरू नये. पुराभिलेख विभाग आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्यातर्फे मोडीचे वर्ग चालत आले आहेत. सगळं अस्खलित वाचता येईपर्यंत थांबायची गरज नाही. आधी तिच्या नावाचं वळण ओळखायला शिका, मग गावाचं, मग आकडे. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धा गोंधळ कमी होतो. रकमेपुढच्या उभ्या रेघा पाव, अर्धा, पाऊण रुपया दाखवतात, आडव्या रेघा आणे.

रोख्याचा मजकूर ठरावीक साच्याचा असतो. सुरुवातीला शके, महिना, तिथी. मग ‘धनकोनाम’ म्हणजे पैसे देणाऱ्याचं नाव, त्यामागून ‘रिणकोनाम’ म्हणजे घेणाऱ्याचं. तुम्हाला शोधायचंय ते धनकोनामानंतर अमुकबाई येते का ते. तिच्या नावापुढे ‘कोम’, ‘भ्रतार’, ‘जौजे’ किंवा ‘मर्द’ असा शब्द आणि नवऱ्याचं नाव येईल. आडनाव पुष्कळदा येतच नाही, म्हणून नवऱ्याचं आणि सासऱ्याचं नाव आधीच पाठ हवं. नावाआधी ‘सौ.’ आहे की ‘गं. भा.’, हेही टिपा. एका कागदात सौभाग्यवती आणि दुसऱ्यात गंगाभागीरथी असेल, तर नवऱ्याचा मृत्यू या दोन तारखांच्या मधला. सहीच्या जागी ‘निशाणी बांगडी’ असेल, तर तिला सही येत नव्हती एवढंच ठरतं. हिशेब येत नव्हता असं त्यावरून मुळीच ठरत नाही. तोंडी हिशेब पक्का असलेल्या कित्येक बायकांच्या हाती लेखणी कुणी दिलीच नव्हती. ‘दस्तुरखुद्द’ म्हणजे स्वतःच्या हातचं लिखाण. असा कागद बाईच्या नावाने मिळाला, तर तो जिवापाड जपा.

तारखांचा हिशेब एकदा नीट समजून घ्या. शकात ७८ मिळवले, की इसवी सन येतो, मात्र जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथींसाठी ७९. म्हणजे शके १७९७ हे १८७५-७६ साल. महसुली कागदांत फसली सन असेल, तर दख्खनच्या फसलीत ५९० मिळवा. गुजराती पेढ्यांच्या वह्यांत संवत असतो आणि वर्ष कार्तिकात सुरू होतं, तिथे ५६ किंवा ५७ वजा करावे लागतात. नेमकी तारीख हवी तर जंत्री पाहावी. तारखा लावून झाल्या, की त्या मोठ्या घडामोडींशेजारी मांडून बघा. १८६५मध्ये मुंबईची कापसाची तेजी कोसळली, १८७५मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, १८७६ ते ७८ मोठा दुष्काळ पडला, १८९६मध्ये प्लेग आला. सावकारी का आटली, घर मुंबईहून गावी का आलं, याची कारणं पुष्कळदा इथेच सापडतात.

व्यवसाय करणाऱ्या बायका कागदांत बहुतेक विधवा म्हणूनच का दिसतात, याचं कारण कायद्यात आहे आणि ते कळल्याशिवाय शोध पुढे सरकत नाही. धर्मशास्त्राप्रमाणे बाईने स्वतःच्या हातच्या कारागिरीने मिळवलेल्या पैशावर नवरा जिवंत असेतो त्याचा ताबा. त्यामुळे सधवेचा धंदा नवऱ्याच्या नावाखाली बुडून जातो. नवरा गेला, की चित्र बदलतं. एकत्र कुटुंबातल्या विधवेला अन्नवस्त्रापुरताच हक्क, पण नवरा विभक्त असून त्याला मुलगा नसेल, तर मिळकत तिच्याकडे हयातीपुरती येई. ती विकण्या-गहाण टाकण्यासाठी मात्र तिला रास्त गरज दाखवावी लागे. म्हणून नवऱ्याची मृत्युतिथी हा तुमच्या शोधाचा खुंटा समजा. दुकान त्याच्या मृत्यूनंतर दहा-पंधरा वर्षं चालू राहिलं आणि मुलं तेव्हा लहान होती, तर ते चालवत कोण होतं? कागदात मुलाचं नाव असेल आणि त्यापुढे ‘अज्ञान पालनकर्ती आई’ असं लिहिलेलं असेल. सातबारा पाहणाऱ्यांना ‘अ.पा.क.’ ही खूण ठाऊक असते. त्या तीन अक्षरांमागे एखादी पुरी पेढी चालवणारी बाई असू शकते. अज्ञान मुलांच्या मिळकतीसाठी १८६४च्या कायद्याखाली जिल्हा न्यायालयाकडून दाखला घ्यावा लागे, तर मयताची येणी वसूल करण्यासाठी १८६०च्या आणि पुढे १८८९च्या कायद्याखाली दाखला लागे. १८८९नंतरच्या अशा अर्जात येण्यांची यादी जोडलेली असते. ती यादी हाती आली, तर तिचे सगळे ऋणको एका पानावर सापडले म्हणायचे.

नोंदणी कार्यालयात जाताना एक गोष्ट पक्की ठेवा. १८६०च्या दशकातल्या नोंदणी कायद्यांनी १०० रुपये व त्यावरच्या स्थावर व्यवहारांची नोंदणी सक्तीची केली. त्याखालचं छोटं गहाण बिननोंदणीचं राहू शकत होतं, आणि बायकांची सावकारी पुष्कळदा अशा छोट्या रकमांचीच. त्यामुळे सूचीत नाव नाही म्हणजे व्यवहार नाही, असा निष्कर्ष काढू नका. सूची क्रमांक एक नावांची, क्रमांक दोन मिळकतीची. घर घेणाऱ्या प्रत्येकाला ‘इंडेक्स टू’ ओळखीचा असतो, तोच हा वंश. नाव शोधताना पहिल्या नावाचं अक्षर आणि आडनावाचं अक्षर, दोन्हींखाली बघा. नाव सापडलं नाही, तर तिच्या गावचे जुने सर्व्हे नंबर घेऊन मिळकतीच्या सूचीत शिरा. स्थावराच्या दस्तांची पुस्तकं कुणालाही पाहता येतात. मृत्युपत्रं आणि दत्तकाचे अधिकार नोंदवलेल्या पुस्तकातली नक्कल, ते करणारी व्यक्ती मयत झाल्यावर कुणीही अर्ज करून मागू शकतं. खिडकीवरच्या कारकुनाला हे नियम माहीत नसतील, तर शांतपणे नोंदणी कायद्याचं कलम ५७ दाखवा.

पुणे, सातारा, सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर या चार जिल्ह्यांतल्या वाचकांना आणखी एक वाट आहे. १८७५च्या दंग्यांनंतर १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला आणि त्याने गावोगाव ग्राम-निबंधक नेमले. शेतकऱ्याने करून दिलेला रोखा या निबंधकासमोर लिहिला गेला आणि त्याने साक्षांकित केला तरच ग्राह्य धरला जाई. नोंदणी कायद्याच्या चाळणीतून खाली पडणारे व्यवहार इथे अडकतात. पन्नास-पंच्याहत्तर रुपयांच्या कर्जाची धनको म्हणून एखादी बाई पहिल्यांदा सरकारी दप्तरात उमटली असेल, तर ती बहुधा याच कायद्यामुळे.

कोर्टाकडे वळताना आधी छापील अहवाल बघा. मुंबई उच्च न्यायालय १८६२मध्ये सुरू झालं, १८७६पासून ‘इंडियन लॉ रिपोर्ट्‌स’ची मुंबई मालिका निघू लागली. जुने खंड डिजिटल ग्रंथालयांत मोफत मिळतात. सावकारीण वारल्यावर नवऱ्याकडचे पुढचे वारस तिने केलेली विक्री, गहाण, देणग्या रद्द करून मागत. मग तिने पैसा कशासाठी उचलला, कुणाला दिला, किती व्याज लावलं, हे सगळं साक्षीत येतं. कुटुंबाने जे झाकलं, ते प्रतिपक्षाच्या वकिलाने उघडं केलेलं असतं. जिल्हा न्यायालयाच्या मूळ फायली नियमाप्रमाणे ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात, पण निकाल जास्त टिकतात, म्हणून आधी निकालाची नक्कल मागा.

दत्तकाकडे विशेष लक्ष द्या. बाकीच्या काही प्रांतांत विधवेला दत्तक घ्यायला नवऱ्याची परवानगी दाखवावी लागे, महाराष्ट्रात विभक्त नवऱ्याच्या विधवेला ती लागत नसे. त्यामुळे आपल्याकडे विधवांची दत्तकपत्रं भरपूर. पण दत्तक घेतला, की नवऱ्याची मिळकत त्या मुलाकडे जाई आणि बाईचा अधिकार संपे. जी बाई वीस वर्षं स्वतः कारभार करत होती, ती दत्तकविधीच्या आदल्या महिन्यांत काय काय लिहून ठेवते, ते बघण्यासारखं असतं. बक्षीसपत्र, पोटगीचा करार, देवळाला देणगी. दत्तकपत्राची तारीख मिळाली, की तिच्या आधीच्या वर्षभराचे दस्त एक न सोडता काढा.

जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते. २०२३पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतली अशी जुनी पुस्तकं बाहेर निघाली, अनेक जिल्हा प्रशासनांनी त्यांची छायाचित्रं संकेतस्थळांवर टाकली. हेतू वेगळा होता, पण आपल्यासारख्यांना त्याचा मोठा उपयोग आहे. बाईची नोंद तिच्या नावाखाली मिळाली नाही, तर ‘अमक्याची बायको’, ‘अमक्याची आई’ अशी शोधा. जनगणनेत वेळ घालवू नका. इंग्लंडमध्ये शिरगणतीतून घरातल्या माणसांची नावं मिळतात, आपल्याकडे १८७२पासूनच्या शिरगणतीचे एकत्रित तक्तेच राहिले आहेत. त्यापेक्षा जिल्ह्याचं गॅझेटिअर वाचा. पुणे जिल्ह्याचं १८८५चं तर तीन भागांत आहे. त्यातल्या भांडवलाच्या प्रकरणात सावकार, व्याजाचे दर आणि चलन यांची माहिती असते. तुमच्या रोख्यातला दर त्याच्याशी ताडून बघितला, की बाई कडक होती की सौम्य, याबद्दल घरातल्या आख्यायिकेपेक्षा खात्रीचं काही म्हणता येईल.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या बहुतेकांना सुचतात, म्हणून थोडक्यात सांगतो. मूळ गाव आणि आडनाव सांगा, आणि पुरुषाच्या नोंदीत सोबत आलेल्या बायकांची नावं वाचायला लावा. शिलालेख त्याहून फलदायी. विहिरी, घाट, धर्मशाळा, देवळाच्या पायऱ्या यांवर ‘अमुकबाई कोम अमुक’ असं नाव आणि शक सापडतो. मग त्या देवस्थानाची न्यासनोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात शोधा, कारण मूळ दानपत्राचा उल्लेख तिथे असू शकतो. गोव्यात वाट निराळी. तिथे १८७०पासून लागू झालेल्या पोर्तुगीज नागरी संहितेने नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक मानली, तेव्हा पणजीच्या अभिलेखागारातले नोटरीचे दस्त आणि वारसांच्या वाटणीचे कागद आधी बघावेत. पारशी घराण्यांसाठी गुजरातीतलं ‘पारसी प्रकाश’ हाताशी ठेवावं.

श्रीमंत घराण्यातली बाई असली तरी अडचणी त्याच असतात, हे फ्लोरा ससून यांच्याकडे पाहून कळतं. मुंबईत जन्मलेल्या या बाईचं घरचं नाव फर्हा. पती सॉलोमन १८९४मध्ये गेल्यावर डेव्हिड ससून कंपनीचा मुंबईचा कारभार त्यांनी हाती घेतला आणि १९०१मध्ये लंडनला जाईपर्यंत चालवला. प्लेगच्या दिवसांत हाफकिन यांच्या लशीच्या पाठीशी त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या घराण्याचे कागद आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, आणि त्यांतला मोठा भाग बगदादी ज्यूंच्या अरबीत, हिब्रू लिपीत लिहिलेला. दोन नावं, परकी लिपी, परगावी गेलेलं दप्तर. मुंबईच्या पेढीवाल्या बाईच्या शोधात जेरुसलेम येऊ शकतं, तसं तुमच्या शोधात बडोदं, इंदूर, हैदराबाद येऊ शकतं. जिथे तिचा कारकून किंवा दत्तक मुलगा गेला, तिथे तिचे कागद गेले.

ज्या व्यवसायांचा उल्लेख घरात दबक्या आवाजात होतो, त्यांचे कागद कधीकधी सर्वांत चांगले असतात. लखनऊच्या १८५८ ते १८७७मधल्या करवह्या अभ्यासताना वीणा तलवार ओल्डनबर्ग यांना सर्वाधिक कर भरणाऱ्यांच्या वर्गात तवायफा आढळल्या. आपल्याकडे १८८०चा ‘मथुरा नायकीण विरुद्ध ईसू नायकीण’ हा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आहे. वाद नायकिणीच्या दत्तक मुलीच्या हक्काचा. न्यायालयाने असं दत्तक मानलं नाही, पण त्या निमित्ताने नायकिणींची मिळकत आणि त्यांच्या चालीरीती छापील पानांवर आल्या. आपल्या घरात कलावंतीण पूर्वज असेल, तर लाज बाळगून ही दारं बंद करू नका. तिची कमाई तिची होती आणि तिच्या जिवावर घर उभं राहिलं. मासळी, भाजी, बांगड्या विकणाऱ्या बाईचा कागद मात्र विरळ. तिथे विक्रीऐवजी खरेदी शोधावी. तिने घेतलेलं घर, होडी, दागिना, कुणाच्या तरी दस्तात चतुःसीमेला आलेलं तिचं नाव. ‘पूर्वेस अमुकबाईचे घर’ एवढी ओळही तिचा ठावठिकाणा आणि काळ सांगून जाते.

कागद हाती आले, की त्यांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. रुमालातला क्रम न मोडता प्रत्येक कागदाची पुढची-मागची छायाचित्रं घ्या. पाठीवरच्या बारीक नोंदींत हप्ते भरल्याच्या तारखा असतात. आणि शेवटी कर्जदाराच्या घरी जा. हे टाळू नका. आपली खापरपणजी कर्तबगार होती असं आपण अभिमानाने लिहू, पण तिच्या व्याजात कुणाची जमीन गेली असेल, तर ती गोष्ट त्या घरात अजून आठवणीत असते आणि ती ऐकून घेणं आपलं काम आहे. त्यांच्याकडे फारखती असेल, तर कर्ज फिटल्याचा पुरावा त्यांच्यापाशी आहे, तुमच्यापाशी नाही. तुमचा रोखा आणि त्यांची फारखती शेजारी ठेवून वाचा. मग त्या सर्व्हे नंबरचे १९०३नंतरचे फेरफार काढा आणि जमीन कुणाच्या नावावर राहिली ते बघा. दोन्ही कागदांच्या नकला दोन्ही घरांत ठेवा.